पाण्याला ‘ये’ म्हणणारी बकू

जिथं डोंगर गुडघे मोडून खाली बसतो आणि दुपारी ढग त्याच्या मांडीवर वामकुक्षी घ्यायला उतरतात, तिथं एक इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला एक इवलंसं घर होतं. घरात बकुळा नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. तिला सगळे बकू म्हणत. घरासमोर जे होतं ते मात्र मुळीच इवलंसं नव्हतं. ते होतं एक भलंमोठं डबकं!

पाऊस ओसरला होता. हिरव्या गवतावर पिवळी सोनकी फुलली होती आणि तिच्यावर निळीनिळी फुलपाखरं भिरभिरत होती. गावातली सगळी अंगणं सुकली, सारवून झाली, त्यांवर पांढरीशुभ्र रांगोळीही उमटली. बकूचं अंगण तेवढं ओलंच्या ओलं. त्यात बेडूक डुंबायचे, डास गाणी म्हणायचे, आणि बकूच्या परकराची किनार कायम चिखलात माखलेली असायची.

बकूची आई सुंदरा चुली करायची. लाल मातीत भाताचं तूस कालवून, पायांनी तुडवून, हातांनी थापून ती अशी गुळगुळीत चूल घडवायची की भाकरीलासुद्धा तिच्यावर फुगावंसं वाटावं. दिवाळी जवळ आली की फराळासाठी लोक नव्या चुली न्यायचे. पण चूल सुकायला कोरडं अंगण लागतं. यंदा आईनं ठेवलेली प्रत्येक चूल खालून ओल धरायची आणि बिचारी हळूच बसकण मारायची.

आईनं डबक्यातलं पाणी घमेल्यानं उपसून पाहिलं. रात्री एक सर आली आणि सकाळी डबकं पुन्हा काठोकाठ. आईनं डोक्याला हात लावला.

त्या संध्याकाळी ती बकूला जवळ घेऊन म्हणाली, “बकू, मी तालुक्याला जाते गं. तिथं एका खानावळीत भाकऱ्या भाजायचं काम मिळतंय. परवा सकाळी जीप येईल. तू मावशीकडं राहा. होळीला येईनच की मी.”

होळीला! दिवाळी जायची, संक्रांत जायची, आणि मग कुठं होळी! बकूच्या तोंडचं पाणी पळालं. अंगणातलं मात्र तसूभरही हललं नाही.

“आई, नको ना जाऊ.”

“चुली सुकत नाहीत बाळा. मग खायचं काय आपण?” आई म्हणाली, आणि बकूची वेणी पुन्हापुन्हा नीट करत बसली. वेणी तर आधीच नीट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बकू परसात अळू कापायला गेली. घरात भाजीला तेवढंच होतं. अळवाची पानं कशी हिरवीगार, मखमली! सगळ्यात मोठ्या पानाच्या मधोमध पाण्याचा एक टपोरा थेंब बसला होता. उन्हात तो कधी गुलाबी व्हायचा, कधी जांभळा, कधी सोनेरी. बकूनं देठाला विळा लावला आणि थेंबातून आवाज आला, “अगंबाई! पडेन की मी!”

बकूनं विळा मागं घेतला आणि वाकून पाहिलं. थेंबाच्या आत नखाएवढी एक परी बसली होती. आभाळी रंगाचा झगा, मोगऱ्याच्या पाकळीएवढे पंख, आणि केसांत दवाचे मणी.

“घाबरू नकोस,” बकू हळूच म्हणाली. “हे पान राहू दे तुला. मी बारकी पानं नेते.”

“पण मग भाजी कमी होईल ना तुमची?”

“होऊ दे. मला आज भूकच नाहीये,” बकू म्हणाली. हे काही खरं नव्हतं. तिच्या पोटात कावळे कधीचे ओरडत होते, आणि ते परीला चांगले ऐकू आले.

परी खुदकन हसली. “माझं नाव थेंबुली. आम्ही पाण्याच्या पऱ्या. बोल, तुला काय हवंय?”

बकूनं डबक्याकडं बोट दाखवलं. मग तिला एकदम रडूच आलं आणि चुली, जीप, खानावळ, होळी असं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

थेंबुलीनं नीट ऐकलं. मग ती पानाच्या काठावर येऊन बसली. “मी तुला तीन शब्द देते. तू बोलशील ते पाणी ऐकेल. पण नियम आहेत हं! एका वेळी एकच शब्द बोलायचा. पाण्याला नाहीसं हो म्हणायचं नाही, कारण पाणी नाहीसं होत नसतं, इथून हललं की ते दुसरीकडं जाणारच. आणि नीट लक्षात ठेव, पाण्याला मनातलं कळत नाही. तोंडातून जे निघेल तेच ते करेल.”

बकू अंगणात आली आणि विचार करू लागली. ‘वाट लाव’ म्हणावं, तर ते दोन शब्द झाले. शिवाय पाण्यानं आपलीच वाट लावली तर? ‘पळ’ म्हणावं, तर ते बिचारं धडपडायचं. शेवटी तिनं पदर खोचतात तसा परकर खोचला आणि मोठ्यानं म्हणाली, “नीघ!”

आणि काय सांगू! डबकं जागचं हललं. बैलांच्या खुरांच्या ठशांतलं पाणी, पायरीखालचं पाणी, चुलीच्या मातीच्या ढिगाभोवतीचं पाणी, सगळं गोळा झालं. चंदेरी घोळ सावरत ते कुंपणाच्या फटीकडं निघालं. बेडूक त्याच्यावर बसून पाहुण्यांसारखे चालले होते. बकू टाळ्या पिटत मागोमाग धावली.

फटीपाशी पाणी थांबलं. त्यानं मागं वळून पाहिलं आणि ते बुडबुडलं, “येते हं, बकू!”

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं कुणी दारातून निघालं की आपण काय म्हणतो? ‘जा’ म्हणतो का कधी? म्हटलं तर आईचे डोळे केवढे मोठे होतात! बकूलाही तिच्या आईनं हेच शिकवलं होतं. निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणू नये, ‘ये’ म्हणावं, म्हणजे ते परत येतं. गुणी बाळच ते. तिनं हात हलवला आणि सवयीनं म्हणाली, “ये!”

पुढचा ‘हं’ तोंडातच राहिला. पाणी गर्रकन वळलं आणि खळखळत, आनंदानं उड्या मारत परत अंगणात येऊन बसलं. बेडकांना तर काही समजेनाच.

परसात थेंबुलीची हसून हसून पुरेवाट झाली. ती पानावरून घरंगळायचीच बाकी होती. “अगं वेडाबाई! ‘जा’ म्हणायचं होतंस!”

“पण निघालेल्याला ‘जा’ कसं म्हणायचं?” बकू स्फुंदत म्हणाली. “आई रागावते.”

“बरं, रडू नकोस. दोन शब्द गेले, एक उरलाय. आता सरळ ‘जा’ म्हण. पाणी जाईल, अंगण सुकेल, आणि आई राहील.”

बकूनं डोळे पुसले. ती कुंपणाच्या फटीपाशी गेली. ‘जा’ अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात फटीतून पलीकडं तिची नजर गेली, आणि ओठ तिथंच मिटले.

पलीकडं, जरा खालच्या अंगाला, हरणाकाकीची झोपडी होती. हरणाकाकीला दुसरं कुणी नव्हतं, तिची कोंबडी हाच तिचा गोतावळा. झोपडीच्या दारात जमिनीवर एक टोपली होती. टोपलीत कोंबडी बसली होती, आणि तिच्या पंखांखालून पिवळीपिवळी, कापसाच्या बोंडांएवढी पिल्लं चिवचिवत डोकावत होती. पाणी फटीतून गेलं असतं, तर ते थेट त्या टोपलीत शिरलं असतं.

“नाही म्हणायचं मला ‘जा’,” बकू परत येऊन म्हणाली.

“मग आई जाईल,” थेंबुली म्हणाली. आता ती हसत नव्हती.

बकूनं दाराकडं पाहिलं. घरात आईनं गाठोडं बांधायला घेतलं होतं. दोन लुगडी, एक कांबळं, आणि बकूचं एक जुनं झबलं. ते कशाला घेत होती कोण जाणे! बकूला आई हवी होती. अगदी हवी होती, डोळ्यांसमोर, हाताशी, रोज. पण पिल्लं बुडवून नको होती.

ती पानाजवळ जाऊन बसली. मग तिनं विचारलं, “थेंबुले, तूही पाण्याचीच ना? तुम्हाला कुठं जायला आवडतं गं?”

थेंबुलीचे डोळे लकाकले. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. “जिथं आम्हाला कुणी ‘ये’ म्हणतं, तिथं,” ती म्हणाली. “तुम्हाला नाही का तसंच आवडत?”

झालं! बकूनं तांब्या उचलला आणि पाणी कुणाला हवंय ते विचारत सुटली. तुळशीला विचारलं, तुळस म्हणाली, माझं पोट भरलंय. जास्वंदीला विचारलं, ती लाल तोंड करून नको म्हणाली. पेरू तर बोललाच नाही. शेवटी बकू अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात गेली. मातीच्या जुन्या उंचवट्यापलीकडं, घरापासून लांब, तिथं एक केळ होती. सगळं गाव हिरवंगार असताना ती एकटी पिवळी पडली होती. पानं खाली लोंबत होती.

बकूनं तिच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं. गट्! दिसेनासं झालं. अजून एक तांब्या ओतला. गट्! तोही गेला. जमीन मुरमाची होती. मुरूम म्हणजे खडे आणि खडेच, पाणी त्यातून खाली पळतं. मग अंगणातलं पाणी का पळत नाही? बकूनं अंगणातली मूठभर माती उचलून चुरगळली. ती लाल होती, चिकट, लोण्यासारखी. ही तर चुलीची माती! वर्षानुवर्षं सांडून, तुडवून, अंगणावर तिचा थरच बसला होता. जी माती आईची चूल घट्ट धरायची, तीच डबक्याला घट्ट धरून बसली होती. सोडेल कशी?

“थेंबुले!” बकू ओरडली. “केळ म्हणतेय ये!”

तिनं खुरपं घेतलं आणि केळीपासून दोन पावलांवर खड्डा खणायला लागली. इवलंसं खुरपं, इवलेसे हात. घाम निथळला, बांगड्या मातीनं भरल्या. ठकठक ऐकून कुंपणाच्या फटीतून हरणाकाकीनं डोकं काढलं.

“काय करतीयस गं बये? खजिना हाय व्हय तिथं?”

“पाण्यासाठी घर करतीय, काकी,” बकू म्हणाली, आणि मग तिनं खरं ते सांगून टाकलं. “नाहीतर ते तुझ्या पिल्लांकडं यायला निघालं होतं.”

हरणाकाकीनं एकदा डबक्याकडं पाहिलं, एकदा आपल्या टोपलीकडं पाहिलं, आणि ती आत गेली. परत आली ती खांद्यावर कुदळ आणि डोक्यावर फुटक्या कौलांचं घमेलं घेऊन.

“सर बाजूला,” ती म्हणाली. “माझ्या पिल्लांची तू आई झालीस, आता मी तुझा गडी.”

कुदळ धपाधप चालू लागली. खड्डा कमरेएवढा झाला. खाली मोठे दगड, त्यावर फुटकी कौलं, त्यावर बारीक खडी, आणि सगळ्यात वर ओढ्यातली रुपेरी वाळू. मग उंचवटा फोडून डबक्यापासून खड्ड्यापर्यंत एक चर खणायला घेतला. पण बकूनं तांब्यानं पाणी सोडून पाहिलं, तर ते चरातच मध्ये रेंगाळलं आणि घराकडं परत वळलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. “बकू! उद्या सकाळी जीप येणार, आणि तू चिखलात लोळतीयस?”

“आई, पाणी मध्येच थांबतंय,” बकू म्हणाली.

आईनं रागावण्यासाठी तोंड उघडलं, पण तिची नजर चरावर गेली. तिनं मान तिरकी करून पाहिलं. खाली बसून हात फिरवून पाहिला. “इथं पोट आलंय त्याला,” ती पुटपुटली. मग तिला राहवेना. तिनं ढिगातला लाल मातीचा गोळा घेतला, आणि चुलीवरून वैलाकडं, म्हणजे शेजारच्या जोडचुलीकडं, जशी हाताची लांब पट्टी ओढतात तशी चरात ओढत गेली. चराला गुळगुळीत उतार आला. माती तीच होती, पण आता ती पाण्याला धरून ठेवणार नव्हती, पुढं पोचवणार होती.

ऊन कलतं झालं. आभाळ केशरी, मग गुलाबी झालं. डबकं आणि चर यांच्यामध्ये आता मातीची एक बारीक कड तेवढी उरली होती. ती हरणाकाकीनं कुदळीनं दूर केली. पाणी काठावर येऊन थबकलं. अनोळखी घरात शिरताना पाहुणा थबकतो ना, तसं.

बकू धावत केळीपाशी जाऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हात पसरले आणि प्रेमानं हाक मारली, “ये!”

आणि पाणी आलं! झुळझुळत, चमचमत, गुलाबी आभाळ अंगावर घेऊन चरातून धावत आलं. वाळूत शिरलं, कौलांमधून उतरलं, दगडांमध्ये गुडगुडलं आणि जमिनीच्या पोटात शिरून केळीच्या मुळांना जाऊन भेटलं. बेडूक चराच्या तोंडाशी उतरले आणि पलीकडच्या अळवात राहायला गेले. पाहता पाहता अंगण दिसू लागलं. आधी पायरी दिसली, मग उंबऱ्यासमोरची रांगोळीची जागा, आणि मग ऐन पावसात हरवलेला बकूचा लाकडी भोवरा.

आई अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पाय रुतला, पण बुडाला नाही. “दोन उन्हं मिळाली की सुकेल,” ती म्हणाली. एवढं बोलून तिनं बकूला चिखलासकट उचललं आणि छातीशी असं धरलं की दोघीही सारख्याच लाल झाल्या. हरणाकाकीनं पदरानं डोळे पुसले आणि धूळ गेली गं म्हणाली. धूळ कुठली? सगळा चिखल होता.

सकाळी जीप आली. भोंगा वाजला. जीपवाला म्हणाला, “सुंदरावहिनी, चला लवकर!”

आई अंगणात बसली होती, कोपरापर्यंत हात मातीत. समोर नवीकोरी चूल होती. तिनं मान वर केली आणि हसून म्हणाली, “या बरं का, दादा.”

ह्या ‘या’चा अर्थ पाण्याला कळला नसता. माणसाला बरोब्बर कळला. जीपवाला पण हसला, “येतो वहिनी,” म्हणाला, आणि धुरळा उडवत निघून गेला.

बकूनं परसाकडं धूम ठोकली. सकाळचं ऊन अळवावर पडलं होतं. थेंबुली पानावर उभी होती. तिचे पंख पिवळे, जांभळे, मोरपंखी होऊन थरथरत होते.

“थेंबुले, आई राहिली! तुझे तिन्ही शब्द कामी आले!”

“तीन कुठले?” थेंबुली म्हणाली. “दोनच खर्च झालेत. काल तू केळीपाशी म्हणालीस, ते मी मोजलंच नाही. उतार होता, वाट होती, आणि प्रेमानं बोलावणारं कुणी होतं. पाणी जादूशिवायच आलं, बकू. तिसरा शब्द अजून तुझ्याकडंच आहे. हवं ते माग. सोनं माग, हिऱ्याची अंगठी माग, पाणी नदीच्या तळातून आणून देईल.”

बोलता बोलता ती पारदर्शक होऊ लागली होती. ऊन चढत होतं. पाण्याच्या पऱ्यांना उन्हात फार वेळ थांबता येत नाही.

“तू चाललीस?” बकूनं विचारलं.

“हो. ढगांकडं परत जायचं ना.” थेंबुली वाकली, आणि बकूच्या नाकाच्या शेंड्याला तिचा गारेगार मुका लागला. “येते हं, बकू.”

बकूच्या डोळ्यांत पाणी आलं. सोनं, अंगठी, सगळं ती विसरली. तिनं हात हलवला आणि आईनं शिकवलं होतं तेच म्हणाली.

“ये!”

थेंबुली क्षणभर थबकली. मग तिला समजलं आणि ती अशी खळखळून हसली की सगळं परस सोनेरी झालं. अगं, पाणी तर तोंडातून निघालेलं ऐकतं! आणि ती कोण होती? पाण्याचीच ना? आता तिला यावंच लागणार होतं. त्या सोनेरी उजेडात थेंब लकाकला, सात रंगांचा झाला आणि हळूच वर उडून दिसेनासा झाला.

बकूच्या आईच्या चुली त्या दिवाळीला घरोघरी गेल्या. केळीला एवढा मोठा घड लागला की हरणाकाकीच्या कोंबड्यांनीसुद्धा केळी खाल्ली. डबकं पुन्हा कधी झालं नाही. आणि दर पावसात, सर पडून गेली की बकू परसात धावत जायची. अळवाच्या सगळ्यात मोठ्या पानावर एक टपोरा थेंब तिची वाट पाहत बसलेला असायचा.

पाणी केळीपाशी मुरलं, तशी ही गोष्ट तुमच्यापाशी मुरो.